वेण्णा तलावावरचं दहिवर आणि बोटीचा हिवाळा

मित्रांनो, सुरुवात एका कबुलीजबाबानं करतो. सेकंड इयरच्या पीएलमध्ये मेसच्या डीप फ्रीजरमध्ये काचेची बाटली कुणी फोडली, याचा शोध बरेच दिवस चालला होता. ती बाटली माझी होती. थंड पाणी लवकर मिळावं म्हणून मी ती काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं, फ्रीजरमध्ये ठेवली आणि अभ्यासाच्या नावाखाली झोपलो. सकाळी मेसच्या मामांना पनीरच्या पिशव्यांवर काचा सापडल्या. मामा, माफ करा. त्या बाटलीनं मला जे शिकवलं, त्यावरच हा लेख आहे.

मी मेढ्याचा. सातारा जिल्ह्यातलं जावळी तालुक्याचं हे गाव वेण्णा नदीच्या काठावर आहे. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, मेढ्यावरून कण्हेर धरणात येते आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेला मिळते. महाबळेश्वरचा प्रसिद्ध वेण्णा तलाव याच नदीवर आमच्या वरच्या अंगाला आहे. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ मध्ये बांधून घेतला. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पेपरात बातमी येते, 'वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले'. सोबत फोटो असतो, बोटीत उतरायच्या जेट्टीवर पांढरा थर आणि त्यात बोटानं काढलेलं नाव!

जानेवारीच्या सुट्टीत मी काकांना म्हणालो, "काका, एकदा बघून येऊ." आमचे काका लष्करातून, इंजिनिअर पलटणीतून रिटायर झालेले. त्यांची नोकरीतली बरीच वर्षं बोटी आणि त्यांची इंजिनं सांभाळण्यात गेली. ते म्हणाले, "चल. पण पहाटे चारला उठायचं. सूर्य वर आला की खेळ खलास."

बोट गोठली, तलाव का नाही?

केळघरचा घाट चढून आम्ही पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. हिव असं की दात वाजत होते. जेट्टीच्या फळ्यांवर, बोटींच्या बाकांवर, कडेच्या गवतावर पिठी साखर भुरभुरावी तसं दहिवर गोठलं होतं. एक नावाडी मामा फडक्यानं बाक पुसत होते. मी विचारलं, "मामा, पाणी गोठतं का ओ कधी?"

मामा हसले. "पाण्यात हात घालून बघा की!"

मी हात घातला. पाणी चक्क कोमट वाटलं. बाकावर बर्फ आणि त्याखाली हातभर अंतरावर कोमट पाणी! काका माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनिअर ना तू? सांग आता."

तिथे मला काही सांगता आलं नाही. परत येताना गणित मांडलं, ते असं.

स्वच्छ आकाश आणि वारा नसलेली रात्र असली की जमिनीवरच्या वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपानं वर फेकत राहतात. ढोबळमानानं दर चौरस मीटरला ८० वॅट धरा. दहा तासांत हे नुकसान सुमारे २.९ मेगाज्यूल होतं. बोटीचा बाक पातळ, त्याची उष्णता साठवायची ताकद अगदी थोडी. त्यामुळे तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर पडलेलं दव गोठतं. म्हणून वेधशाळेच्या आकड्यात तापमान शून्याच्या बरंच वर असलं तरी गवतावर बर्फ दिसू शकतो, कारण वेधशाळेचा थर्मामीटर माणसाच्या छातीच्या उंचीवर, पेटीच्या आत असतो. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगट भागात जमते.

आता पाणी बघा. समजा, तलावाची खोली ३ मीटर आहे. एका चौरस मीटरखाली ३००० किलो पाणी आलं. एक किलो पाण्याचं तापमान एक अंशानं उतरवायला ४.१९ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे ३००० किलोला साडेबारा मेगाज्यूल. रात्रभरात गेले २.९. पाणी उतरलं जेमतेम पाव अंश! आणि शून्यावर पोचल्यावरही सुटका नाही. एक किलो पाण्याचं बर्फ व्हायला आणखी ३३४ किलोज्यूल काढावे लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

तिसरं कारण तर आपल्याला बारावीतच पाठ होतं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. वरचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं आणि खालचं गरम पाणी वर येतं. सगळा तलाव ४ अंशांवर येईपर्यंत ही उलथापालथ चालू राहते. त्यानंतरच वरचा थर आणखी थंड होऊन हलका राहतो आणि गोठतो. बर्फ वर, आणि तळाशी ४ अंशांचं पाणी.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. पुढे ती बोट वाचवायला लागणार आहे.

जिथे तलाव खरोखर गोठतो

आमच्याकडे बोटीचा वैरी पावसाळा. कोकणात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्र बघतात. थंडीच्या देशात हेच काम हिवाळ्यापूर्वी करावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे बोट पाण्याबाहेर काढणं. पण प्रत्येक बोट काढता येत नाही. कुठे क्रेन नसते, कुठे बोट फार मोठी असते आणि कुठे बोट म्हणजेच माणसाचं घर असतं.

आपल्या देशातलं उदाहरण श्रीनगरचं दल सरोवर. तिथले देवदाराच्या लाकडाचे हाउसबोट बारा महिने पाण्यातच असतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' हा कडक थंडीचा काळ. १४ जानेवारी २०२१ ला श्रीनगरचं तापमान उणे ८.४ अंशांवर उतरलं होतं, तीस वर्षांतलं सगळ्यात कमी. तेव्हा दल गोठलं आणि शिकारेवाल्यांना वल्ह्यानं बर्फ फोडत वाट काढावी लागली.

काकांचा अनुभव लडाखमधल्या पँगाँग सरोवराचा. हे सरोवर सव्वाचार हजार मीटर उंचीवर आहे. पाणी मचूळ, तरीही हिवाळ्यात गोठतं. तिथे बोटी बाहेर काढतात. पण काका म्हणतात, "बोट बाहेर काढली म्हणजे काम संपलं असं ज्याला वाटतं, त्याचं नुकसान ठरलेलं. बोटीतलं पाणी कोण काढणार?"

बाहेरचं पाणी नव्हे, आतलं पाणी

इथे माझी बाटली परत येते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. फुगायला जागा नसली तर उणे १० अंशाला ते साधारण ११०० वातावरणांचा दाब देऊ शकतं. ओतीव लोखंडाच्या इंजिन ब्लॉकची तिथे काय कथा!

काकांनी स्वतःची चूक सांगितली. तिकडच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लटकवायची मोटर, काढून स्टोअरमध्ये जमिनीवर आडवी ठेवली. दमले होते, अंधार पडला होता. ही मोटर उभी ठेवली तर तिच्या वाटांमधलं पाणी आपोआप खाली निथळतं. आडवी ठेवली की आतच अडकतं. सकाळी केसिंगला बोटभर लांब तडा. "कुणी काही बोललं नाही," काका म्हणाले, "पण पुढचा सबंध सीझन आमच्याकडे एक मोटर कमी होती. कमी मोटर म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं."

त्या दिवसापासून त्यांचा क्रम ठरला. मोटर आधी गोड्या पाण्यावर चालवून आतलं खारं पाणी धुवायचं. उभी करून निथळू द्यायचं. गिअरचं तेल काढून बघायचं. ते दुधाळ दिसलं तर सील गळतंय आणि आत पाणी शिरलंय, असं समजायचं. ते पाणी गोठलं तर गिअरचं घर फुटतं. म्हणून तेल हिवाळ्याआधी बदलायचं, वसंतात नाही.

पाण्यातच राहणाऱ्या बोटीची तयारी

आता मुख्य विषय. मोठ्या बोटीत इंजिन आत असतं आणि ते बाहेरचं पाणी ओढून थंड होतं. अशी बोट गोठणाऱ्या पाण्यात ठेवायची तर काय काय करावं लागतं?

पहिलं, इंजिन. त्यातलं साधं पाणी काढून तिथे अँटीफ्रीझ भरायचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. शेवटी पाण्यात जाणार असलेल्या ठिकाणी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते बहुधा गुलाबी रंगाचं असतं. यात एक सापळा आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. पंपानं ओढलेलं गुलाबी द्रव ब्लॉकमध्ये न शिरता आडवाटेनं थेट एक्झॉस्टमधून बाहेर येतं. माणूस म्हणतो, "आलं गुलाबी, झालं काम." ब्लॉकमध्ये मात्र जुनं पाणी तसंच! म्हणून इंजिन आधी पाण्यावर चालवून गरम करायचं, थर्मोस्टॅट उघडू द्यायचा आणि मग अँटीफ्रीझ द्यायचं. त्याहून खात्रीचं म्हणजे ब्लॉकचे ड्रेन प्लग उघडून पाणी काढायचं. प्लग उघडला आणि पाणी आलं नाही तर खूश होऊ नका. गंज आणि वाळूनं भोक बुजलेलं असू शकतं. तार घालून बघायचं.

दुसरं, बुडाची भोकं. इंजिनला पाणी घ्यायला, बेसिनचं पाणी सोडायला बोटीच्या अंगात भोकं असतात आणि त्यांवर व्हॉल्व्ह असतात. पाण्यात राहणाऱ्या बोटीचे हे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि त्यांच्या नळ्या रिकाम्या करायच्या. नळी फुटली आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर हिवाळ्यात बोट गुपचूप बुडते, बघायला कुणीच नसतं. फक्त उघड्या डेकवरचं पावसाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटा बंद करायच्या नाहीत, त्यांच्या नळ्या धडधाकट आहेत का ते बघायचं. बॉल व्हॉल्व्हची आणखी एक खोड आहे. बंद केल्यावर त्याच्या गोळ्याच्या पोटात घोटभर पाणी अडकतं. व्हॉल्व्हची जागा पाण्याच्या पातळीखाली असेल तर बाहेरचं पाणी त्याला ऊब देतं. पातळीच्या जवळपास असेल तर त्या पोटातही अँटीफ्रीझ जायला हवं.

तिसरं, बॅटरी. हा मुद्दा हॉस्टेलवाल्यांनी नीट वाचावा. पूर्ण चार्ज असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतलं ॲसिड साधारण उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. तीच बॅटरी पूर्ण उतरली तर आत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे ७-८ अंशांनाच गोठतं. बॅटरी तीच, कारखाना तोच, फरक फक्त तुम्ही ती चार्ज करून ठेवली की नाही याचा.

चौथं, बर्फाचं वजन. दहा मीटर लांबीच्या बोटीचं डेक २५ चौरस मीटर धरा. त्यावर ३० सेंटिमीटर ओला बर्फ साठला आणि घनमीटरला ३०० किलो वजन धरलं, तर झाले सव्वादोन टन. बोटीचा पाण्याला टेकलेला आडवा छेद २० चौरस मीटर असेल तर बोट ११ सेंटिमीटर खाली बसते. एरवी पाण्याच्या वर असणारी सांडपाण्याची भोकं आता पाण्याखाली जातात. तिथून पाणी आत, वजन आणखी जास्त, बोट आणखी खाली. म्हणून उताराचं आच्छादन घालतात आणि बर्फ पडला की झाडतात. आच्छादनाला हवेची वाट ठेवावी लागते, नाहीतर आत ओल धरून बुरशी येते.

पाचवं, भोवतालचा बर्फ. तो बोटीच्या अंगाला चावतो, लाकूड खरवडतो, आणि पाण्याची पातळी बदलली की धक्क्याचे खांबसुद्धा उपटून वर काढतो. शॅकलटनचं 'एंड्युरन्स' जहाज १९१५ मध्ये बर्फानंच चिरडलं. त्याआधी नान्सेननं १८९३ ते १८९६ च्या सफरीसाठी 'फ्राम' जहाज मुद्दाम गोलसर पोटाचं करून घेतलं होतं. बर्फानं दाबलं की ते निसटून वर उचललं जायचं. आपल्या साध्या बोटीला हे जमणार नाही. मग उपाय काय?

लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ! तळाशी ४ अंशांचं पाणी असतं. बोटीखाली भोकं पाडलेली नळी टाकून त्यात कॉम्प्रेसरनं हवा सोडतात. बुडबुडे वर येताना तळाचं पाणी सोबत आणतात आणि बोटीभोवती बर्फ धरत नाही. कुठे त्याऐवजी पाण्यात छोटा पंखा लावतात. वेगळा हीटर लागत नाही, तळाशी साठलेली उष्णता फक्त वर आणायची. मला हे फार आवडलं. पण समुद्रात ही युक्ती लंगडी पडते. लिटरला सुमारे २५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असलं तर पाणी गोठणबिंदूपर्यंत जडच होत जातं. ४ अंशांचा तो साठा तळाशी उरतच नाही.

सहावं, डिझेलची टाकी. ती भरून ठेवायची. अर्धी रिकामी असली तर दिवसा-रात्री आत-बाहेर जाणाऱ्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतींवर थिजते आणि पाणी होऊन डिझेलच्या तळाशी जमतं. इंजिनाला डिझेल ओढणारी नळी तळाशीच असते.

हा सहावा मुद्दा सांगताना काका थांबले. मला कारण माहीत होतं.

थंडी नसतानाही

माझी आत्या कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावात दिलेली. धरणाचा शिवसागर जलाशय झाल्यावर तिकडच्या गावांना बामणोलीला यायचं तर लाँच हाच रस्ता उरला. मी लहान होतो. पावसाळ्याचे दिवस होते. आत्याला रात्री कळा सुरू झाल्या आणि अवघडलं. लाँच काठाला बांधलेली होती. बरेच दिवस चालवलेली नव्हती. टाकी पाऊण रिकामी. इंजिन सुरू झालं, थोडं चाललं आणि आचके देऊन बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी.

काका तेव्हा रजेवर तिथेच होते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी फिल्टरमधलं पाणी सोडलं, पाइप सैल करून हवा काढली, पुन्हा पुन्हा हँडल मारलं. दीड तास गेला. आत्या वाचली. बाळ वाचलं नाही.

त्या लाँचवाल्याला काका आजही दोष देत नाहीत. "त्याला कुणी सांगितलंच नव्हतं," एवढंच म्हणतात. रिटायर झाल्यापासून दर मे महिन्याच्या शेवटी ते बामणोलीला जातात. ओळखीच्या लाँचवाल्यांच्या टाक्या भरलेल्या आहेत का बघतात, फिल्टरचं पाणी सोडतात, बॅटऱ्या तपासतात. आणि सुकाणूला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधतात. त्यावर लिहिलेलं असतं, काय बंद केलंय, काय उघडं आहे, पाना कुठे ठेवलाय. बंद करणारा एक असतो आणि घाईत सुरू करणारा दुसराच, म्हणून.

मला वाटायचं, मेंटेनन्स म्हणजे डिझाइनमध्ये नंबर न लागलेल्यांचं काम. आता वाटत नाही. यंत्र चालू असताना त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ते थांबलेलं असताना जो त्याचा विचार करतो, तो खरा इंजिनिअर.

तर मंडळी, महाबळेश्वरला गेलात तर जेट्टीवरच्या बर्फात नाव जरूर काढा, पण खाली वाकून पाण्यात हातही घाला. आणि एक विनंती रेक्टर सरांना. हॉस्टेलच्या मागचा जनरेटर उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने बंद असतो. या वर्षी सुट्टीला जाण्यापूर्वी आम्ही चौघं त्याची टाकी भरून, फिल्टर साफ करून, बॅटरी चार्ज करून जाऊ म्हणतोय. पुठ्ठा आणि दोरा मी आणतो. फक्त शेडची किल्ली द्यावी.